महाविद्यालयीन नाटक : अभिनयाची पहिली पाठशाळा

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषणाचा मजकूर)



सावलीला नाटक परके नाही. दिवाळी सरली, धान घरात आले की झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते. होळीपर्यंत हा हंगाम असतो. वडसा, अर्थात देसाईगंज, येथील नाट्यमंडळे गावोगाव प्रयोग करतात. गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री लाभली, तेव्हा साऱ्या झाडीला अभिमान वाटला. परंतु रात्रभर घोंगडी पांघरून नाटक पाहणारा बाप, आपल्या मुलाने महाविद्यालयाच्या नाटकात नाव दिले असे कळताच अस्वस्थ होतो. दुसऱ्याचा मुलगा रंगमंचावर असला तर टाळी, आपला असला तर चिंता! वर्ष वाया जाईल, दुकानाकडे लक्ष राहणार नाही, आणि मुलगी असेल तर तालमीहून परतायला रात्र होईल. या चिंता खोट्या नाहीत. म्हणूनच तेथे नेमके काय शिकायला मिळते, हे पाहणे अगत्याचे आहे.

अभिनय म्हणजे पाठ केलेले संवाद हातवारे करून म्हणणे, अशी पुष्कळांची समजूत असते. महाविद्यालयातील पहिल्या आठवड्यातच ती गळून पडते. प्रारंभी सारे गोल बसून संहिता वाचतात. ज्याच्या वाट्याला चार वाक्ये आली आहेत, त्यालाही पूर्ण नाटक ऐकावे लागते. नवखा नट स्वतःच्या वाक्याची वाट पाहत बसतो. समोरचा काय बोलतो इकडे त्याचे कान नसतात. दिग्दर्शक त्याला थांबवतो, पुन्हा म्हणायला लावतो, पुन्हा थांबवतो. मग केव्हा तरी तो ऐकू लागतो आणि त्याचे उत्तर आपोआप खरे वाटू लागते. ऐकणे हा अभिनयाचा निम्मा भाग आहे, हे पुस्तक वाचून उमगत नाही. त्यानंतर हालचाली बसवणे, हातांचे काय करावे हा प्रश्न (नवख्याला आपले हात एवढे लांब आहेत हे रंगमंचावरच प्रथम कळते), शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे आणि सर्वांत शेवटी रंगीत तालीम. पडद्यामागे सामान लावणारा, प्रॉम्प्टिंग करणारा विद्यार्थीही शिकत असतो. किंबहुना रोज साऱ्यांच्या चुका पाहणारा प्रॉम्प्टर कधी कधी नायकाहून अधिक शिकतो.

या शिक्षणाचे फळ पाहायचे तर पुण्याचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. तेथे महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा सुरू केली. मराठी रंगभूमीवरील कितीतरी नटांनी आपले पहिले धडे या स्पर्धेच्या तालमीत गिरवले. त्याही आधी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना श्रीराम लागू नाटकांत काम करू लागले. पुढे भालबा केळकर आदी मित्रांसमवेत ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये रमले. येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉ. लागूंनी नाटकापायी शिक्षण सोडले नाही. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले, पुण्यात व पुढे आफ्रिकेतील टांझानियातही त्यांनी व्यवसाय केला, आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकर मराठी माणसाने पाहिले ते १९७० मध्ये. मधल्या सुमारे वीस वर्षांत हौशी रंगभूमी त्यांची साथ करीत होती.

सतीश आळेकरांचीही वाट महाविद्यालयीन नाटकातूनच निघाली. त्यांचे काम पाहून भालबा केळकरांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावले. आळेकर जीवरसायनशास्त्राचे, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ! अशा मंडळींनी १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. त्या नाटकात ब्राह्मणांची एक रांगच पडद्याचे काम करते. तीच भिंत होते, तीच गर्दी होते. त्या रांगेतील एकाचेही पाऊल चुकले तर भिंतीला भगदाड पडायचे. 'मी किती चमकलो' हा विचार तेथे चालत नाही. महाविद्यालयाच्या नाटकातील तिसऱ्या पहारेकऱ्याची भूमिका ज्याने मन लावून केली असेल, त्यालाच अशा रांगेत उभे राहता येते.

आता सावलीकडे वळू. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ घराजवळ आले. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य असे प्रकार असतात. एकांकिका साधारण अर्ध्या तासाची असते. तेवढ्यासाठी महिनाभर, रोज दोन तास तालीम पुरते. परीक्षेचा काळ टाळून ती ठेवता येते.

अडचण येते ती जागेची आणि परतीची. वर्गखोल्या सायंकाळी बंद होतात, मोकळ्या मैदानात आवाज विरतो, आणि शेजारच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना शेवटची बस गाठावी लागते. गावात ज्यांच्याकडे सायंकाळी रिकामे राहणारे एखादे सभागृह किंवा गोदाम असेल, त्यांनी ते सहा ते आठ या वेळेत उघडून द्यावे. पालकांनी आळीपाळीने तालमीला येऊन बसावे व मुलींना घरी पोचवावे. एखाद्या बापाने तेथे बसल्या बसल्या संहिता हाती धरून प्रॉम्प्टिंग केले, तर दिग्दर्शकाची तक्रार असणार नाही.