वेबमेलचा पडदा : देखणेपणा आणि वेग

सांताक्रूझ पश्चिमेला लागूनच जुहू आहे. तेथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली. १९८९ मध्ये केंद्राला अमेरिकेशी जोडणारी वाहिनी मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे जेमतेम १,२०० इंग्रजी अक्षरे. २,४०० अक्षरांचे पत्र दोन सेकंदांत जाई. ६०,००० बाइटांच्या चित्राला मात्र पन्नास सेकंद लागले असते. त्या काळी पत्रे निव्वळ अक्षरांची असत, यात नवल ते काय!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेला खुले केले. पुढच्याच वर्षी हॉटमेल आले आणि पत्रपेटी वेबपानावर उघडू लागली. पाठोपाठ रंग, बटणे आणि जाहिराती आल्या. तासाप्रमाणे पैसे मोजून सायबर कॅफेत बसणाऱ्या कालिन्याच्या विद्यार्थ्याला पत्राआधी जाहिरातीचे चित्र उतरण्याची वाट पाहावी लागणे, म्हणजे स्वखर्चाने दुसऱ्याची जाहिरात पाहणेच होय.

२००४ मध्ये आलेल्या जीमेलने निराळी वाट धरली. पानाचा सांगाडा एकदाच आणावयाचा व नंतर प्रत्येक टिचकीला फक्त लागेल तेवढाच मजकूर मागवावयाचा. त्यामुळे काम झपाट्याने होऊ लागले. तथापि आरंभीचा भार वाढला. मंद जोडणीसाठी साध्या पानाची सोय होती, तीही २०२४ मध्ये बंद झाली. ती राहावयास हवी होती.

देखणेपणा वर्ज्य नाही. प्रश्न क्रमाचा आहे. प्रेषक, विषय आणि मजकूर आधी यावा. चित्रे मागाहून, त्यांची जागा आधीच राखून, म्हणजे वाचता वाचता ओळी खाली सरकणार नाहीत. मराठीची अडचण आणखी वेगळी. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, ते फारसे जड नाही. जड असतो तो जोडाक्षरांनी फुगलेला, हौसेने निवडलेला फाँट. यंत्रात मुळातच असलेली देवनागरी वापरली, तर हा भार उरतच नाही.

सांताक्रूझच्या कचेरीत जलद जोडणीवर पान क्षणात उघडते आणि सर्वांचे समाधान होते. तेच पान धारणीत जुन्या फोनवर, क्षीण संदेशलहरींवर उघडणाऱ्या मुलीच्या प्रवेशाची मुदत त्याच सायंकाळी संपत असते. ब्राउझरमध्ये जोडणीचा वेग मुद्दाम कमी करून पाहण्याची सोय आहे. तिचा पडदा त्यायोगे सांताक्रूझमध्ये बसूनही पाहता येतो.