दंगा आणि शेजारधर्म
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आताच झाला. अशा मंगल प्रसंगी आम्ही एका अमंगल विषयाकडे आपले लक्ष वेधीत आहोत, त्याबद्दल क्षमा असावी. हा विषय म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांत पेटविले जाणारे धर्माचे दंगे. ‘पेटविले जाणारे’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून योजिले आहेत. दंगा आपोआप लागत नाही. त्याची लाकडे आधी रचावी लागतात, आणि ती रचणारे हात बहुधा सत्तेच्या लोभाने चाललेले असतात.

भिवंडीचेच उदाहरण घ्या. हे गाव यंत्रमागांचे. सूत पुरविणारा, माग चालविणारा, कापड विकणारा हे सारे एकाच धर्माचे कधीच नव्हते. एकाची चूल दुसऱ्याच्या कष्टावर पेटत असे. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगा उसळला. शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि ही आग जळगाव व महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाने या आगीचे मूळ शोधले. दोन्ही समाजांतील जातीय संघटना आधीपासून तेढ वाढवीत होत्या. मिरवणुकीसाठी आसपासच्या खेड्यांतून लाठ्या घेतलेली माणसे आली होती आणि घोषणा चिथावणीच्या होत्या. हे सारे कोणाच्या नावाने? मशिदीस व कुराणास उपद्रव देऊ नये असा ज्यांचा दंडक होता, त्या शिवछत्रपतींच्या नावाने! या दंडकाची साक्ष खाफीखानासारख्या त्यांच्या द्वेष्ट्या इतिहासकारानेही दिली आहे.

या उद्योगाची रीत ओळखून ठेवावी. प्रथम एखादी अफवा सोडावयाची. मग एखादा सण किंवा मिरवणूक हेरावयाची. त्यानंतर शेजाऱ्यांची तोंडओळखही नसलेली माणसे बाहेरून आणावयाची. भ्यालेला समाज एकगठ्ठा मते देतो, हे पुढारी जाणतात. म्हणून दोन्हीकडच्या आग लावणाऱ्यांना परस्परांची गरजच असते. पुढे पुढारी निवडून येतो. पोलिसांच्या दप्तरी नाव चढते ते आपल्या मुलाचे, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्याची पडताळणी निघाली की तेच नाव त्याच्या आड येते.

भिवंडीत १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच घडले. परंतु पुढे सन १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि पोलीस एकत्र बसू लागले, किरकोळ तंटे तेथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती; श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्या दिवसांत भिवंडी मात्र शांत राहिली. पुढारी तेच होते, अफवाही होत्या. पण अफवा खरी की खोटी हे विचारण्यास शेजाऱ्याचे दार उघडे होते.

आता जे सांगावयाचे ते थोडे कडू आहे. आशुतोष वार्ष्णेय या विद्वानांनी दंगे होणाऱ्या व न होणाऱ्या शहरांची तुलना करून २००२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, ज्या संस्थांत दोन्ही धर्मांची माणसे एकत्र काम करतात, त्या संस्था दंगा रोखतात. एकाच समाजाच्या संस्थांना ते साधत नाही. आपली संस्था अशाच दुसऱ्या प्रकारची आहे. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधूवरसूचना ही आपली कामे भूषणास्पद खरी. परंतु आपल्यातच वावरणाऱ्यास पलीकडच्या गल्लीतील माणसाचे नावही ठाऊक नसते, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्याविषयी काहीही खरे वाटते. निवडणूक जवळ आली की पुढारी ज्ञातिसंस्थांच्या दारी येतात, ते याच कारणाने.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. संस्थेचे सभागृह चिथावणीच्या सभेस कधीही देऊ नये. आपल्या तरुणांनी लाठी घेऊन कोणाच्याही मिरवणुकीत जाऊ नये. आणि प्रत्येक मोहल्ल्यात आपल्यातील निदान एका कुटुंबाने शांतता समितीत बसावे, पतपेढीत, ग्रंथालयात, व्यापारी मंडळात इतर धर्मीयांबरोबर काम करावे. ज्ञातीचा अभिमान जरूर असावा. परंतु संकटाच्या रात्री हाकेला धावून येतो तो शेजारीच.