हेलियमची कथा आणि चंद्राएवढा मंगळ



कोलकात्याच्या फोर्ट विल्यम या लष्करी किल्ल्याचे नाव आता ‘विजय दुर्ग’ असे झाले आहे. डिसेंबर २०२४ पासून वापरात आलेले हे नाव सिंधुदुर्गातील मराठ्यांच्या आरमारी तळावरून, म्हणजे विजयदुर्गावरून घेतलेले आहे. हुगळीच्या काठी कोकणचे नाव पोहोचले, याचा आनंद मराठी माणसास होणारच. मात्र त्याच विजयदुर्गाविषयी सांगितली जाणारी एक खगोलशास्त्रीय कथा तपासून घेण्याजोगी आहे.

ऑगस्ट महिन्यात एक संदेश हातोहात फिरतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे त्यात म्हटलेले असते. गडावरील ‘साहेबाचे ओटे’ पुराव्यादाखल दाखवले जातात.

ग्रहण खरे, तारीखही खरी. परंतु त्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून, तर मद्रास वेधशाळेच्या पॉग्सन यांनी मच्छलीपट्टणमहून पाहिले. सूर्यज्वालांच्या वर्णपटात तेव्हा एक तेजस्वी पिवळी रेषा आढळली. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्यज्वालांचा वर्णपट मिळवला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे ओळखून ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी, असे अनुमान पुढे त्यांनी केले. पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅमसे यांना सापडला तो १८९५ मध्ये.

लॉकियर विजयदुर्गास आले होते, हेही खरेच; पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर त्या पिवळ्या रेषेस तीस वर्षे होत आली होती. दोन ग्रहणे स्मृतीत एक झाली आणि कथा तयार झाली. एका मोठ्या वैज्ञानिक मोहिमेचे ठाणे म्हणून विजयदुर्गाचा मान अबाधितच आहे; त्यासाठी न घडलेल्या गोष्टीची गरज नाही.

असाच प्रकार मंगळाचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर, गेल्या जवळजवळ साठ हजार वर्षांतील सर्वांत जवळच्या अंतरावर आला. ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा भासेल, असे ई-मेलवरील मजकुरात होते. मजकूर पुढे जाता जाता दुर्बीण गळाली, मग वर्षही गळाले. उरला तो ‘२७ ऑगस्टला आकाशात दोन चंद्र’. वास्तविक त्या रात्रीही मंगळबिंबाचा व्यास सुमारे २५ विकला होता, तर चंद्राचा १८०० विकलांच्या घरात असतो. मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो तो साधारण २६ महिन्यांनी. प्रत्येक ऑगस्टमध्ये तो जवळ असणे शक्यच नाही. ऑगस्ट २००४ मध्ये तर तो सूर्याच्या पलीकडे, त्याच्या तेजात दडलेला होता.

पालकांनी असा संदेश मुलांपासून लपवू नये, त्यांच्यापुढे ठेवावा. वर्ष दिले आहे काय, निरीक्षक त्या दिवशी कोठे होता, आकडा गणिताने जुळतो काय, हे त्यांनाच शोधू द्यावे. ग्रहांच्या दैनंदिन स्थिती कोलकात्याचेच पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर ‘इंडियन ॲस्ट्रॉनॉमिकल एफेमेरिस’ या ग्रंथात प्रसिद्ध करते. विकला आणि अंश यांचे गणित तर शाळेच्या भूमितीतच शिकवले जाते.

परप्रांतात किंवा परदेशात वावरणारा माजी विद्यार्थी मराठी मुलुखाविषयी बोलतो, तेव्हा ऐकणारा त्याच्या शब्दावरून त्या मुलुखाची पारख करतो. हेलियमची कथा खोटी ठरली, तर मराठ्यांच्या आरमाराची खरी हकीकतही त्याला संशयास्पद वाटू लागेल. म्हणून अभिमानाची गोष्ट पुढे पाठवण्यापूर्वी अधिक काळजीने तपासावी. या शाळेत मिळालेल्या शिक्षणाची एवढी अपेक्षा निश्चितच आहे.