तूर, तुरट आणि तुरटी

पौष-माघांत लातूरच्या आडत बाजारांत नव्या तुरीची आवक सुरू होते. ज्या घरांत हिची डाळ रोज शिजते, त्याच घरांतील मुलांच्या वह्यांत मात्र ‘तुर’ आणि ‘तूरीची डाळ’ अशीं रूपें सर्रास आढळतात. शिक्षक तांबड्या शाईनें चूक दाखवितात. ती चूक कां, हें बहुधा सांगितलें जात नाहीं. तें समजावयाचें तर ह्या शब्दाची कुळकथाच पाहिली पाहिजे.

संस्कृतांत ‘तुवर’ म्हणजे तुरट. अमरकोशांत तुवर आणि कषाय हे शब्द एकाच अर्थाचे दिले आहेत. त्यावरूनच ‘तुवरी’ हें ह्या धान्याचें नांव. पण वरण तर गोडसर लागतें. मग असें नांव कां पडावें? तुरट रस असतो तो तुरीच्या सालांत. तेलपाण्याचा हात लावून, उन्हांत वाळवून तूर भरडली कीं साल निघून जातें आणि त्याबरोबर तुरटपणाही. धान्याची चव पालटली, नांव मात्र राहिलें. तुरटीलाही संस्कृतांत ‘तुवरी’ म्हणतात. तेव्हां तूर, तुरट आणि तुरटी हीं एकाच घरचीं भावंडें होत.

ह्या घराचें मूळ कोठलें? कानडींत तुरीला ‘तोगरी’ आणि तमिळांत ‘तुवरै’ म्हणतात. तमिळांत ‘तुवर’ म्हणजे तुरटपणाच. त्यामुळें हा शब्द दक्षिणेंतूनच संस्कृतांत गेला असावा, असें अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, शब्दांचें नातें बदललें नाहीं. सीमेवरील मुलाच्या तोंडीं ‘तोगरी’ आलें, तर तो तुरीचा अपभ्रंश म्हणून हसण्यासारखें कांहीं नाहीं. उलट तें थोरल्या घराण्यांतलें नांव आहे. नांदेड जिल्ह्यांत देगलूरपलीकडे तेलुगू मुलखांत गेलें कीं तीच तूर ‘कंदी’ होते. हें कूळ निराळें. हिंदींतील ‘अरहर’ही निराळी, ती संस्कृत ‘आढकी’पासून आली.

आतां लेखनाकडे वळूं. तुवरी, तुवर, तूर असा हा शब्द आखडत आला. ‘तुव’ ह्या दोन अक्षरांचें एक झालें, म्हणून त्यांतील ऊकार दीर्घ. शिवाय अकारान्त मराठी शब्दांत शेवटून दुसरा इकार किंवा उकार दीर्घ लिहावयाचा, असा नियमच आहे. स्वयंपाकघरांतील डबे पाहिले तरी तो पाठ होईल: मीठ, पीठ, गूळ, तीळ, तूप, दूध. प्रत्यय लागतांच उच्चाराचा भार पुढें सरकतो आणि तोच स्वर ऱ्हस्व होतो: मिठाचा, पिठाचा, गुळाचा, तिळाचा, तुपाचा, दुधाचा. म्हणून शेतांत ‘तूर’, पण ताटांत ‘तुरीचें वरण’.

मराठवाड्यांत कुडाला आणि चुलीला लागते ती तुरीची वाळकी काडी, म्हणजे ‘तुराटी’. गढूळ पाणी निवळावयास लागते ती ‘तुरटी’. दोहोंत अंतर एका कान्याचें. तो काना विसरला, तर पाण्यांत काडी पडावयाची! शुद्धलेखन हें केवळ परीक्षेच्या गुणांसाठीं नाहीं, हें मुलांना पटवून देण्यास ह्याहून सोपें उदाहरण कोणतें?