टवका

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस हसूं येण्याचा संभव आहे. ज्यानें सारी हयात मुलांस शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविण्यांत घालविली, त्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिक मास्तरानें मोटारीच्या रंगावर बोलावें, हें जरा विपरीतच दिसतें. परंतु या विषयापायीं मी एका माणसाचें देणें लागतों, आणि तें अंशतः तरी फिटावें या हेतूनें आज आपणांपुढें आलों आहे. डोंगरवाटेनें जाणाऱ्या गाडीच्या अंगावर खडी उडते, रंगाचा टवका निघतो. त्यापासून गाडी कशी राखावी आणि टवका उडालाच तर काय करावें, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम तें देणें कसलें तें सांगतों. ज्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ सालापासून आपण अहिल्यानगर म्हणूं लागलों, त्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुका आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सारे तिकडचे. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरणही तिकडचेंच. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागांत राहतो. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें कर्ज काढून चारही चाकांना जोर पोहोंचणारी एक जुनी जीपवजा गाडी घेतली, आणि भंडारदऱ्याहून रतनवाडी, घाटघर, साम्रद या बाजूस प्रवाशांना फिरविण्याचा धंदा सुरू केला. एका वर्षीं मृगाच्या तोंडावर, काजवे पाहण्याच्या निमित्तानें, मी त्याजकडे गेलों होतों. त्यानें मोठ्या हौसेनें मला गाडी दाखविली. तिच्या बॉनेटवर आणि दाराखालच्या पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढे पुष्कळ टवके उडालेले होते. "गुरुजी, याचें कांहीं करावें का?" असें त्यानें मला विचारलें. मीं ऐटीनें उत्तर दिलें, "अरे, रंगाला काय पाहतोस? माणसाचा जसा गुण पाहावा, तसें गाडीचें इंजिन पाहावें. नुसतें रूप घेऊन काय करावयाचें आहे?"

तो माझा शब्द प्रमाण मानणारा मुलगा. त्यानें इंजिनाची निगा राखली आणि टवक्यांकडे पाठ फिरविली. तीन पावसाळे गेले. मुलीला नर्सिंगच्या शिक्षणास पाठवावयाचें म्हणून त्यानें गाडी विकावयास काढली. गिऱ्हाईक आलें, किंमत ठरत आली. इतक्यांत गिऱ्हाइकाबरोबरच्या मिस्त्रीनें दाराखालच्या पट्टीवर पेचकस टेकवून जरासा दाबला, तों तो सरळ आंत गेला. बाहेरून रंग होता, आंत पत्राच उरला नव्हता. किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका भोकांतून गळून गेला. मुलीचा प्रवेश झाला, परंतु त्यासाठीं घरच्या दोन म्हशी विकाव्या लागल्या. त्यानें मला एका शब्दानेंही बोल लावला नाहीं. "गुरुजी, नशीब आपलें," एवढेंच तो म्हणाला. नशिबाचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. सल्ला माझा होता, आणि ज्या गोष्टीची मला माहिती नव्हती तिजविषयीं मीं तो दिला होता. त्यानंतर मीं गॅरेजवाल्यांपाशीं बसून, रंगकाम करणाऱ्या कारागिरांस विचारून आणि थोडें वाचून जें मिळविलें, तें आतां आपणांस सांगतों.

गाडीचा रंग म्हणजे काय? आपण ज्याला रंग म्हणतों तो एक थर नसून चार थर असतात. कारखान्यांत पत्र्यास आधीं फॉस्फेटचें स्नान घालतात. मग तो प्रायमरच्या हौदांत बुडवून विजेच्या प्रवाहानें त्यावर पहिला थर चढवितात. लोखंडाचा खरा राखणदार तो हाच. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर आपल्या आवडीचा लाल, निळा किंवा पांढरा रंग, आणि सर्वांवर चकाकी देणारा पारदर्शक लेप. या साऱ्यांची मिळून जाडी सुमारें १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हां गाडीची सगळी शोभा आणि सगळें संरक्षण हें टपालाच्या कार्डाहूनही पातळ आहे. त्याखालचा पत्रा तरी किती जाड? बहुतेक ठिकाणीं सुमारें पाऊण मिलिमीटर.

नगरास लष्कराच्या चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र आहे, आणि १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आपणांपैकीं अनेकांनीं मुलांबाळांसह पाहिलें असेल. रणगाड्याच्या अंगावरील पोलाद कित्येक सेंटिमीटर जाडीचें असतें. त्यावर गंज चढला तर तो केवळ कातडीचा रोग होय; खरवडून नवा रंग दिला कीं झालें. पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याची गोष्ट निराळी. त्याची कातडी आणि त्याचें हाड हीं वेगळीं नाहींत. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हे तिघे एकत्र आले कीं गंज जन्मास येतो, आणि तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो टवक्यापुरता राहात नाहीं. भोंवतालच्या रंगाखालीं शिरून तो रंगास फुगवितो. फुगलेला रंग सुटतो आणि नवें लोखंड उघडें पडतें. बाहेरून ज्वारीएवढा दिसणारा डाग आंत रुपयाएवढा झालेला असतो. त्यांत घाटघर-रतनवाडीकडे पाऊस आठवडेच्या आठवडे थांबत नाहीं, मग गंजास सवड मिळावयास काय उशीर? "दुखणें अंगावर काढणें" असें आपण म्हणतों. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीनें तेंच केलें होतें.

आतां खडीचा विचार करूं. आपला काळा फत्तर हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्यापासून झालेला बेसाल्ट होय. प्रवरेच्या पात्रांत घांसून गुळगुळीत झालेला गोटा वेगळा, आणि क्रशरमधून फोडून काढलेली खडी वेगळी. खडीच्या कडा ताज्या असतात, आणि ती रंगावर छिन्नीसारखी लागते. पुढील गाडीच्या टायरच्या खांचेंत असा खडा अडकतो, चाक फिरतें आणि तो वर फेंकला जातो. त्या क्षणीं आपण वेगानें पुढें जाऊन त्याजवर आदळतों. म्हणजे खडा जितका आपणांस मारतो, त्याहून अधिक आपणच खड्यास मारतों. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें आपण शाळेंत शिकलों आहों. ताशीं ४० किलोमीटरनें जाणारी गाडी ६० नें जाऊं लागली, तर वेग दीडपट होतो, पण त्या आघाताची ऊर्जा सव्वादोनपट होते. समोरून गाडी येत असली, तर दोघांचे वेग एकमेकांत मिळतात, हेंही विसरूं नये.

यावरून पहिला आणि बिनपैशाचा उपाय निघतो, तो म्हणजे अंतर आणि संथपणा. नवें डांबर टाकून वर बारीक खडी पसरली आहे, पण ती अजून बसलेली नाहीं, असा रस्ता दिसतांच वेग उतरवावा. पुढील गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या बाभळीपाशीं पोहोंचली कीं मनांत "एकशें एक, एकशें दोन, एकशें तीन" असें मोजावें. तेवढ्यांत आपण त्या बाभळीपाशीं पोहोंचलों, तर फार जवळ आहों असें समजावें. ताशीं ६० च्या वेगास हें तीन सेकंदांचें अंतर सुमारें पन्नास मीटर भरतें. सुट्या खडीवर त्याच्या दुप्पट ठेवावें. खडीचा डंपर पुढें असेल तर त्याच्या मागें लागूंच नये. रस्त्याकडेला थांबून चहा प्यावा. ऊंस वाहणारे ट्रॅक्टर शेतांतून निघतांना टायरांत ढेकळें आणि खडे घेऊनच डांबरी रस्त्यावर चढतात; त्यांच्याही मागें हाच नियम. मागून कोणी घाईनें पुढें जाऊं पाहात असेल तर आपण वेग कमी करून त्यास लौकर जाऊं द्यावें.

दुसरा शत्रु आपल्याच चाकांत बसलेला असतो. दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढील भाग यांस बहुधा आपलेंच पुढचें चाक मारतें. त्यासाठीं चाकांमागें रबरी पडदी लावतात. ड्रायव्हर मंडळी तिला मडफ्लॅप म्हणतात. ती पुरेशी रुंद असावी आणि फाटतांच बदलावी. कित्येक तरुण हौसेनें मूळच्याहून रुंद टायर बसवितात. ते चाकावरील कमानीबाहेर डोकावतात, आणि स्वतःचीच खडी स्वतःच्याच दारावर मारीत जातात. २०२० सालीं महिंद्र कंपनीनें जी नवी थार बाजारांत आणली, तिच्या कमानींवर काळ्या प्लास्टिकचें कवच आहे. पुष्कळांस तें शोभेचें वाटतें. परंतु ओरखडा उठला तरी प्लास्टिक गंजत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय.

तिसरा उपाय पैशाचा. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म रंगावर चिकटवितात. बाजारांत तिला पीपीएफ म्हणतात. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्यानें हेलिकॉप्टरच्या पात्यांचें वाळू-खड्यांपासून रक्षण करण्यास अशीच फिल्म वापरली. पुढें ती मोटारींवर आली. तिची जाडी सुमारें १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या साऱ्या रंगापेक्षां अधिक. खडा लागला कीं ती किंचित् दबते आणि आघाताचा जोर पसरविते. ती खरोखर उपयोगी आहे, पण महागही आहे. सबंध गाडीस लावण्याचें सामर्थ्य नसेल, तर बॉनेटची पुढील कड, आरशांच्या पाठी आणि दाराखालची पट्टी एवढ्यांस लावली तरी बरेंच काम होतें. मात्र आधींच गंजलेल्या टवक्यावर ती लावूं नये. तसें करणें म्हणजे पू झालेल्या जखमेवर पट्टी बांधणें होय.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. सिरॅमिक कोटिंग नांवाचा लेप सध्यां फार बोलला जातो. त्यानें पाणी ओघळून जातें, धूळ कमी चिकटते, चकाकी टिकते. हे गुण खरे. पण त्याची जाडी फार तर कांहीं थोड्या मायक्रॉनांची. फत्तरापुढें तो काय टिकणार? दगडापासून रक्षण होईल म्हणून कोणी तो आपल्या गळ्यांत बांधीत असेल, तर नम्रपणें नकार द्यावा. गाडीच्या पोटास देतात तें जाड रबरी अंडरकोटिंग मात्र चांगलें. फक्त दारांच्या आणि पट्टीच्या तळाशीं पाणी निघून जाण्याकरितां जीं बारीक भोकें असतात, तीं त्यानें बुजूं देऊं नयेत. तीं बुजलीं तर पाणी आंत कोंडतें आणि पत्रा आंतून कुजतो.

इतकें करूनही टवका उडणारच. तो उडाल्यावर प्रथम त्याचा तळ पाहावा. तळाशीं करडा किंवा पांढुरका प्रायमर दिसत असेल, तर आठ-पंधरा दिवसांची सवड आहे. तळ रुपेरी किंवा तांबूस दिसला, तर लोखंड उघडें पडलें आहे. मग उशीर करूं नये. जागा साबणाच्या पाण्यानें धुवून पूर्ण कोरडी करावी. गंज असल्यास बारीक पॉलिशपेपरच्या टोकानें तेवढाच खरवडावा. मेणाचा किंवा तेलाचा अंश स्पिरिटनें पुसून काढावा. मग काडेपेटीच्या काडीच्या टोकानें धातूवर लावावयाच्या प्रायमरचा थेंब, तो वाळल्यावर रंगाचा, आणि शेवटीं पारदर्शक लेपाचा. थर पातळ असावेत आणि प्रत्येक थर वाळूं द्यावा. आपल्या गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. तो दुकानदारास सांगितला कीं तसाच रंग मिळतो. प्रवासांत कांहींच हाताशीं नसेल, तर जागा कोरडी करून नखांना लावावयाच्या रंगहीन पॉलिशचा थेंब द्यावा. घरीं पोहोंचेपर्यंत तोही पाणी अडवितो. आणि डोंगरांतून परत आल्यावर गाडी वरून चमकविण्याआधीं खालून धुवावी, कारण पट्टीच्या सांदींत बसलेला चिखल दिवसचे दिवस ओला राहतो.

माझे वडील दर पावसाळ्याआधीं बैलगाडीच्या लांकडास जवसाचें तेल पाजीत असत. गाडीची शोभा वाढावी हा विचारही त्यांच्या मनाला शिवत नसे. गाडी मोडली तर शेत अडेल, एवढें त्यांना ठाऊक होतें. त्यांच्या डोळ्यांपुढें असलेली गोष्ट मला मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर, दुसऱ्याचें नुकसान करून शिकावी लागली.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढें दुसरी गाडी घेतली. गेल्या उन्हाळ्यांत मी पुन्हां त्याजकडे गेलों होतों, तेव्हां त्याची ती मुलगी, आतां परिचारिका झालेली, सुटीवर घरीं आली होती. हातांत रंगाची लहान बाटली आणि काडी घेऊन ती दाराखालच्या पट्टीशीं बसली होती. मीं मध्येंच कांहीं सुचवूं लागलों, तों ती वर न पाहतां म्हणाली, "आजोबा, आधीं धुवायचें, मग कोरडें करायचें, औषध सर्वांत शेवटीं. एवढें मला येतें." मीं मुकाट्यानें बाजूस होऊन तिचें काम पाहात उभा राहिलों.

श्रोतेहो, आपलीही गाडी दारांत उभी असेल. येत्या रविवारीं तिच्या दाराखालच्या पट्टीवरून एकवार बोट फिरवून पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.