हृदयाची लय आणि विद्युतशक्ती
(भाषणाचा सारांश)



आपले हृदय मिनिटास सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. हात हलवावयाचा झाल्यास मेंदूकडून आज्ञा यावी लागते. हृदयाचे तसे नाही. मज्जासंस्था त्याची गती कमीअधिक करते एवढेच. ठोक्याची मूळ आज्ञा हृदयातच जन्म घेते. म्हणूनच शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदयही योग्य द्रावणात ठेवल्यास बराच काळ धडधडत राहते. ही आज्ञा विद्युत स्वरूपाची असते. ती कशी निघते, कशी पसरते आणि ती बिघडली असता आपणांपैकी प्रत्येकास काय करता येईल, याविषयी मी आज बोलणार आहे.

पेशीतील वीज

विश्रांतीच्या अवस्थेत हृदयस्नायूच्या पेशीचा आतील भाग बाहेरच्या मानाने सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋणभारित असतो. आज्ञा पोहोचताच पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे धनभारित कण आत शिरतात आणि क्षणार्धात हा भार उलटतो. पाठोपाठ कॅल्शियमचे कण आत येतात व पेशीतील साठ्यातून आणखी कॅल्शियम मोकळे करवितात. त्यामुळे प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि पेशी आखडते. शेवटी पोटॅशियमचे कण बाहेर पडून पेशी पूर्ववत होते. या क्रियेस सुमारे पाव सेकंद लागतो व त्यातील बहुतेक काळ पेशी दुसरी आज्ञा स्वीकारीत नाही. निसर्गाची ही योजना फार मोलाची आहे. तिच्यामुळे हृदय सतत आखडलेले राहत नाही. ते सैल पडते आणि त्यात पुन्हा रक्त भरते.

आज्ञेचा मार्ग

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद व खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदात वरच्या बाजूस सायनस नोड नावाचा विशिष्ट पेशींचा पुंजका असतो. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या पेशी आपोआप मिनिटास ६० ते १०० वेळा विद्युत संदेश सोडतात. त्याची लाट दोन्ही अलिंदांत पसरते व ए. व्ही. नोड या दुसऱ्या पुंजक्यापाशी येऊन सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळते. हा विलंब निरर्थक नाही. तेवढ्या वेळात अलिंदांतील रक्त निलयांत उतरते. नंतर हिसचा जुडगा व पुर्किन्ये तंतू यांच्यावाटे लाट वेगाने निलयांत पोहोचते आणि ते जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावून शरीरभर रक्त पाठवितात.

ही लाट त्वचेवरूनही टिपता येते. नेदरलँड्समधील विलेम आइंटहोवेन यांनी तिचा आलेख घेण्याचे अत्यंत संवेदनशील उपकरण सिद्ध केले. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तालुक्याच्या रुग्णालयात निघणारा ईसीजी हे त्याच संशोधनाचे फळ होय.

लय बिघडते तेव्हा

संदेश मार्गात अडला तर ठोके अतिशय मंदावतात व रोग्यास घेरी येते. अशा रोग्याच्या शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये वापरला गेला. तो रोगी, आर्न लार्सन, पुढे अनेक पेसमेकर बदलीत २००१ पर्यंत जगला.

याहून भयंकर अवस्था म्हणजे निलयांचे कंपन. तीत निलयांतील पेशी एकमेळाने काम न करता वाटेल तशा थरथरतात. हृदय हलत असते. पण रक्ताचा थेंबही पुढे जात नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो आणि काही मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते. हृदयविकाराचा झटका आणि हे कंपन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झटक्यात रक्तवाहिनी तुंबते, कंपनात विद्युत लय कोसळते. मात्र झटक्यातून कंपन उद्भवू शकते.

विजेच्या धक्क्यानेही हेच घडते. साठ वॅटचा दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाह छातीतून गेला तरी निलयांचे कंपन सुरू होऊ शकते. ओल्या शेतात, अनवाणी पायांनी पंपाच्या पेटीस हात लावणाऱ्या शेतकऱ्याचा जीव जातो तो पुष्कळदा यामुळेच; अंगावर भाजल्याची खूण दिसेलच असे नाही.

१८९९ मध्ये जिनिव्हातील प्रेव्होस्ट व बातेली यांना प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, सौम्य विद्युत आघाताने सुरू झालेले कंपन जोरदार आघाताने थांबते. पुढे अमेरिकेत विल्यम कौवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने, तारांवर काम करताना मरणाऱ्या कामगारांचा प्रश्न हाती घेऊन, या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रयोगांत असे दिसले की, यंत्राचे जड विद्युताग्र छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब वाढतो. त्यातून १९६० मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छातीवर दाब देण्याची पद्धती जगापुढे मांडली. तिला यंत्र लागत नाही. दोन हात पुरतात.

आपले कर्तव्य

कोणास विजेचा धक्का बसल्यास प्रथम वीजप्रवाह बंद करावा. तोवर त्यास स्पर्श करू नये. उच्च दाबाच्या तारेजवळ तर वीज बंद झाल्याची खात्री झाल्याखेरीज जाऊच नये. माणूस हाकेस ओ देत नसेल व त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर कळवावे. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वसन नव्हे. त्यास पाठीवर, कठीण जागी निजवावे. छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून, कोपर न वाकविता, मिनिटास १०० ते १२० वेळा, प्रौढ व्यक्तीस पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. प्रशिक्षितांनी ३० दाबांनंतर दोन कृत्रिम श्वास द्यावेत. या उपायाने कंपन सहसा थांबत नाही. त्यासाठी विद्युत आघात देणारे यंत्रच लागते. परंतु ते येईपर्यंत मेंदूस थोडेफार रक्त मिळत राहते. असे दाब न दिल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटास सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी पहिली मिनिटे गावाच्याच हाती असतात.

म्हणून शिक्षकांनी वरच्या वर्गांत ही कृती करवून घ्यावी. ग्रामपंचायतींनी आरोग्य केंद्राच्या साहाय्याने तिचे प्रशिक्षण ठेवावे, पाणीपुरवठ्याच्या पंपांचे अर्थिंग दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे आणि शाळा व कार्यालयांत ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारे स्विच बसवावेत. हृदय आपली वीज स्वतः निर्माण करते; बाहेरच्या विजेपासून त्याचे रक्षण करणे आणि त्याची लय तुटलीच तर पहिली काही मिनिटे सांभाळणे हे आपले काम आहे. ते आपण आपापल्या गावी सुरू करावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.