कबरींचा हिशेब कोणी ठेवायचा?

शासकीय संस्थेत माणूस मरतो तेव्हा त्याच्या मृत्यूचे कागद तीच संस्था तयार करते. उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहू शकेल तीच आज साक्षीदार असते आणि दप्तरही तिच्याच कपाटात असते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मारियाना गावच्या ‘डोझियर’ शाळेचे प्रकरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

‘शाळा’ हा शब्द येथे केवळ सौजन्याचा. १९०० साली राज्य सरकारने उघडलेले आणि २०११ साली बंद पडलेले ते मुलांचे सुधारगृह होते. तेथे गुन्हा केलेली मुलेच धाडली जात असे नव्हे. शाळा बुडविणारी, घरून पळालेली, प्रसंगी केवळ अनाथ असलेली मुलेही तेथे पोचत. (श्रीमंतांच्या मुलांना सुधारण्याचे मार्ग निराळे असतात!) १९०३ सालीच विधिमंडळाच्या पाहणीत मुले बेड्यांत आढळली होती. तरी संस्था आणखी शतकभर चालली. काळ्या व गोऱ्या मुलांचे विभाग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत वेगळे होते, आणि दफनभूमी होती काळ्यांच्या विभागाकडे.

२००८ साली, वृद्धत्वाकडे झुकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी अमानुष मारहाणीची हकीकत उघड केल्यावर राज्याने आपल्याच पोलीस खात्याकडून चौकशी करविली. २००९ च्या अहवालात ३१ कबरींचा हिशेब देण्यात आला. जागेवर लोखंडी नळीचे ३१ क्रूस उभे होतेच! मात्र हे क्रूस दफनानंतर कित्येक वर्षांनी रोवलेले होते, आणि या चौकशीत जमीन कोणीही खणली नाही.

ते काम दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ एरिन किमर्ले यांच्या पथकाने केले. संस्थेची नोंदवही, मृत्यूचे दाखले, जुनी वृत्तपत्रे आणि कुटुंबांच्या आठवणी त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिल्या. जमिनीवरून रडार फिरविले. उत्खननाची परवानगी प्रथम नाकारण्यात आली. ऑगस्ट १९१३ नव्हे, २०१३ उजाडावे लागले, तेव्हा राज्यपाल व त्यांच्या मंत्रिमंडळाने ती दिली. कबरी निघाल्या ५५. त्यांपैकी अवघ्या १३ क्रूस असलेल्या जागेत होत्या. बाकीच्या झुडपांत, रस्त्याखाली, एका तुतीच्या झाडाखाली. कागदपत्रांतून १९१४ ते १९७३ या काळातील सुमारे शंभर मृत्यू हाती लागले.

प्रत्येक कबर म्हणजे खून, असे पथकाने म्हटलेले नाही. १९१४ च्या आगीने आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझानेही मुले मारली. २०१९ साली जवळच आणखी २७ संशयास्पद जागा सापडल्या, तेव्हा खणून पाहता तेथे झाडांची मुळे निघाली, आणि तेही जाहीर करण्यात आले. कार्यकर्त्यांनी ही शिस्त ध्यानात घ्यावी. शासनावरील जो आरोप सिद्ध झाला तो याहून साधा आहे: आपल्या ताब्यातले कोणते मूल कोठे पुरले, हे त्याला सांगता येत नव्हते.

१९४० साली तेथे धाडलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचे कुटुंब त्याला पाहायला पोचले, तेव्हा त्याला मातीचा एक ताजा ढिगारा दाखविण्यात आला. २०१४ साली बहिणीच्या डीएनएवरून त्याची ओळख पटली. तोवर ती म्हातारी झाली होती.

२०१७ साली विधिमंडळाने माफी मागितली. २०२४ साली दोन कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली. ती १९४० ते १९७५ या काळात तेथे राहिलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्यांसाठी. तुतीखालच्या मुलांच्या वारसांना तिच्यात वाटा नाही.